भाऊ नसल्याचा दाखला

ज्या माणसानं फिरोजचा उजवा हात लोखंडी टामीनं फोडला, त्याला फिरोज 'भाऊ' म्हणाला. हाताचं नंतर सांगतो. आधी शब्दाचं सांगतो, कारण टामीचं जे काम अर्धवट राहिलं होतं ते पुढे त्या शब्दानं पूर्ण केलं.

सावरफाटा हे गाव नाही. घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याला तिथे एक वळण फुटतं. वळणावर बस थांबायची म्हणून चहावाला बसला, चहावाला बसला म्हणून बस जास्त वेळ थांबायला लागली, आणि असं होत होत तिथे दुकानांची एक ओळ झाली. त्यात एक फिरोजचं मोटरसायकल दुरुस्तीचं, आणि त्याला लागून माझं: कपिल आर्ट्स, फ्लेक्स बॅनर. माझा सगळा धंदा 'भाऊ' या शब्दावर चालतो. वाढदिवस असो, निवडणूक असो, तेरवी असो, फोटोखाली भाऊ आलाच पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये तो शब्द मी तयारच ठेवला आहे, सोनेरी, खाली सावली टाकून. आमच्याकडे कंडक्टर भाऊ, भाजीवाला भाऊ, ज्याचं नाव माहीत नाही तो भाऊ, आणि ज्याचं नाव घ्यायची भीती वाटते तोही भाऊ. सख्ख्या भावाला मात्र आम्ही नावानं हाक मारतो, किंवा शिवीनं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दिवेलागणीला एक माणूस पायी चालत फिरोजच्या दुकानात आला. मी नव्हतो, घाटंजीच्या बाजारात बॅनर बांधत होतो. दुकानात खेमसिंग नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाची मोटरसायकल धुऊन-पुसून उभी होती. माणूस म्हणाला, खेमसिंगनं पाठवलं, चावी दे. फिरोज म्हणाला, "थांबा भाऊ, त्याले फोन लावतो." भाऊ थांबला नाही. टायर काढायची टामी तिथेच पडली होती, ती उचलून त्यानं चावी धरलेल्या मुठीवर हाणली. मूठ उघडली नाही म्हणून परत हाणली. मग उघडली.

खेमसिंगची गाडी त्याच आठवड्यात कळंबला सापडली. चिंतामणीच्या देवळाजवळच्या पार्किंगमध्ये, नीट लॉक केलेली, पावती हँडलला अडकवलेली. चोरानं दर्शन घेतलं असावं. एक इंडिकेटर तेवढा फुटला होता. विम्याचा माणूस आला, त्यानं इंडिकेटरचे चारी बाजूंनी फोटो काढले, आणि खेमसिंगला इंडिकेटरचे पैसे मिळाले. इंडिकेटरला कोणी काही विचारलं नाही.

फिरोजला विचारलं. दवाखान्यात, हाताला पट्टी गुंडाळलेली असताना, ठाण्यातले जमादार जबाब घ्यायला आले. जमादार चांगला माणूस. नुकताच बदली होऊन आलेला, पार तिकडून, जिथे ऊस होतो. फिरोज सांगत गेला, जमादार लिहीत गेले. आमच्या बाजूला मार खाल्लेला माणूसही मारणाऱ्याला एकेरीत बोलत नाही, न जाणो ऐकत असला तर. फिरोजनं सांगितलं, भाऊ आला, भाऊनं चावी मागितली, मी नाही म्हटलं, मग भाऊनं मारलं. जमादारांनी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं: "माझा भाऊ दुकानात आला. भावाने गाडीची चावी मागितली. मी नकार दिल्याने भावाने मला टामीने मारहाण केली." खाली फिरोजचा अंगठा. सही करायचा हात पट्टीत होता.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहून सांगितलं, हाडं जुळतील, पण नसा आखडून राहिल्या आहेत. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. होळीच्या आत झालं तर बोटं उघडतील, पाना धरता येईल. होळीनंतर उपयोग नाही. सरकारी योजनेत ऑपरेशन बसत होतं, फक्त तिथल्या रांगेत नंबर होळीनंतरचा होता. खाजगीत उद्या या म्हणाले, पैसे घेऊन या.

पैसे कुठून आणायचे हा विचार करत आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोर भिंतीवर पाटी होती: 'गुन्ह्यातील पिढितांना नुकसानभरपाई. अर्ज करा.' पाटी मीच छापलेली. 'पीडित' चुकून 'पिढित' झालं होतं, आणि ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, कारण छापतो ते मी वाचत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

"फिरोज," मी म्हटलं, "तू पीडित आहेस बे."

"मी मेकॅनिक आहो," तो म्हणाला.

जिल्ह्याच्या ठिकाणी भरपाईच्या ऑफिसात सत्यशीला मॅडम होत्या. त्यांनी अर्ज घेतला, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, मारणारा सापडला नाही तरी चालतं, सरकार भरपाई देतं. हे ऐकून फिरोजच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी परत पाहिलं नाही. मग मॅडमनी पोलिसांचा कागद उघडला.

"तुमच्या भावानं मारलं?"

"हाव मॅडम. एका भाऊनं."

"एका म्हणजे? किती भाऊ आहेत तुम्हाला?"

"एकबी नाई."

मॅडमनी चष्मा काढला. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे पाय, मी वणीची आहो, इकडलीच. मले समजते तू कोणत्या भाऊचं बोलून राह्यला. पण फाइल वणीची नाई ना. फाइलमध्ये लिहिलं आहे, सख्ख्या भावानं मारलं. घरातल्यानं मारलं अन् दोघं एकाच घरात राहत असले तर पैसे देता येत नाई. नाहीतर मारणाराच पैसे खाईन. आधी ठाण्यातून हे नीट करून आण."

आम्ही ठाण्यात गेलो. जमादारांना मी समजावलं, की आमच्याकडे भाऊ म्हणजे कोणीही.

"आवं, मी तोंडचा शब्द लिव्हतो," जमादार म्हणाले. "ह्यांनी भाऊ म्हटलं, मी भाऊ लिव्हलं. आमच्याकडं भाऊ म्हंजे भाऊ."

"मग अनोळखी माणसाले तुम्ही काय म्हणता?"

"पाव्हणं."

म्हणजे फिरोजनं तिकडे मार खाल्ला असता तर तो पाहुण्यानं मारला असता. जमादार म्हणाले, काळजी करू नका, पुरवणी जबाब घेऊ, दोन दिवसांनी या.

ते दोन दिवस मी फिरोजला एकच शब्द शिकवला: इसम. पोलिसांच्या भाषेत कोण कुठला माहीत नसलेल्या माणसाला इसम म्हणतात. 'अनोळखी इसम आला. अनोळखी इसमाने मारले.' फिरोज दुकानात बसून घोकत होता. त्याची आई, आरिफाचाची, डबा घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली.

"ये इसम कौन है? किसका लड़का है?"

"कोणाचा नाई चाची. ज्याचं नाव माहीत नाई त्याले इसम म्हणते."

"इसम तो नाम कू बोलते हमारे में," चाची म्हणाली. "जिसका नाम नहीं मालूम, उसकू नाम बोलते?"

"हाव."

"फिर तो पकड़ लिये इनों," असं म्हणून तिनं डबा ठेवला.

ठाण्यात जमादारांनी फिरोजला खुर्ची दिली. चहा मागवला, आणि फिरोजच्या डाव्या हाताला सोपं जावं म्हणून कप स्वतः फिरवून ठेवला. तिथेच घात झाला. कोणी इतकं प्रेमानं वागलं की फिरोजला पाठ केलेलं काही आठवत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, "भाऊ, थो भाऊ माहा भाऊ नाई, भाऊ."

जमादारांचा पेन थांबला. त्यांनी खूप विचार केला. मग लिहिलं: "सदर भावास मी यापुढे भाऊ मानत नाही." वाचूनही दाखवलं. फिरोज मान हलवत होता. मलाही ते ऐकायला जोरदार वाटलं, बॅनरवर शोभेल असं.

सत्यशीला मॅडमना नाही वाटलं. "आता तर वैर बी सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "तिसरा जबाब देऊ नका. तुमच्या हातापाया पडते, तिसरा नका देऊ. असं करा, याले भाऊच नाई असा कोणाचा तरी कागद आणा. कोणाचाही. शिक्का पाहिजे."

तलाठी बाबाराव आमच्याच बाजूचे, पिकल्या मिशीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असलेल्याचा दाखला देता येते, बाबू. नसल्याचा कसा देऊ? तुह्याजवळ हत्ती नाई. त्याचा देऊ का?"

"द्या," मी म्हटलं. "हत्ती नसल्याचा देता येते तर भावाचाबी येईन."

बाबाराव मिशीत हसले आणि त्यांनीच वाट काढली. फिरोजचे वडील रहेमान, ट्रक चालवायचे, ते वारलेले. मेलेल्या माणसाच्या वारसांचा दाखला निघतो. त्यात बायको आणि एक मुलगा एवढीच नावं आली, की दुसरा मुलगा नाही हे सरकारी झालं. फक्त त्याआधी जाहीर नोटीस लावायची, पंधरा दिवस वाट पाहायची, कोणाला हरकत असेल तर त्यानं सांगायची. "दिसन अशा जागी लावा," बाबाराव म्हणाले.

दिसेल अशा जागी लावणं हा माझा धंदाच आहे. सहा बाय चारचा फ्लेक्स केला. मधोमध रहेमानचाचांचा ट्रकला टेकून उभा असलेला फोटो, चारी बाजूंनी गुलाब, ते सवयीनं आले. खाली: 'मरहूम रहेमान यांना फिरोज हा एकच मुलगा असून दुसरा मुलगा नाही. कोणास हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' फाट्यावर विजेच्या खांबाला बांधला. येणारे-जाणारे ट्रकवाले थांबून वाचायचे. दोघातिघांनी फोटोही काढून नेला. मला बरं वाटलं. माझ्या कामाचा फोटो सहसा कोणी काढत नाही.

मुदत संपत आली होती. एका दुपारी मी दुकानात असताना फ्लेक्ससमोर एक माणूस बराच वेळ उभा दिसला. हातात कापडी पिशवी. उन्हात, टोपीबिपी काही नाही. शेवटी तो माझ्याकडे आला.

"हा फोटो कोणं लावला?"

"मी. काहून? काही हरकत आहे का?" मी आपला सहज बोललो.

"हाव," तो म्हणाला. "हरकत आहे. हे माहे अब्बा आहेत."

त्याचं नाव रौशन. झरी जामणीकडे जंगलात बांबू तोडायला जायचा. कोणा ट्रकवाल्यानं त्याला मोबाइलवर फ्लेक्स दाखवला होता. तो भांडायला आला नव्हता. त्याला एवढंच पाहायचं होतं, की 'एकच मुलगा' म्हणतात तो एक कोण आहे. पिशवीत जंगलातून वेचलेली चारोळी होती, त्या एकासाठी.

मी त्याला परत पाठवायला हवं होतं. पण तो वेळेत आलेला हरकतदार होता, आणि नोटीस मी छापली होती. मी त्याला फिरोजच्या घरी नेलं.

रौशननं दारात चपला काढल्या आणि एकीत एक अडकवून भिंतीला उभ्या केल्या. आरिफाचाचीनं त्याच्या तोंडाआधी त्या चपलांकडे पाहिलं. रहेमानचाचा तशाच ठेवायचे, कुत्र्यानं एक नेऊ नये म्हणून. चाची चपलांपाशीच उभी राहिली. मग म्हणाली, "झरी में उनकी गाड़ी भोत बिगड़ती थी. पंधरा पंधरा दिन. हर बार क्लच प्लेट."

"नाई अम्मी," रौशन बिचारा खरं सांगून बसला. "गाडी तर चांगली होती. आंगणातच उभी राहे."

फिरोज खाली बघत होता. मला माहीत होतं तो काय आठवतोय. त्यानं आठवीत शाळा सोडून गॅरेज धरलं होतं ते त्याच क्लच प्लेटसाठी. अब्बा झरीला अडकू नयेत म्हणून. काम शिकून झाल्यावर त्यानं एकदा ट्रकचा क्लच उघडला, तर प्लेट नवी कोरी. त्यानं अब्बाला सांगितलं, यात तर काहीच बिघाड नाही. रहेमानचाचांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "देखा? तेरा हाथ लगा और सुधर गई." सगळ्या फाट्यावर सांगत फिरले.

"बैठ," चाची रौशनला म्हणाली. "खाना खाया?"

मी तिघांसमोर हिशेब मांडला. हरकत नोंदली गेली तर दाखला नाही, दाखला नाही तर भरपाई नाही, भरपाई नाही तर ऑपरेशन नाही. होळी महिन्यावर आलेली. उपाय सोपा: रौशननं बाबारावांपुढे सांगायचं, माझी चूक झाली, फोटो माझ्या वडिलांसारखा वाटला. रौशननं ऐकून लगेच मान हलवली.

"सांगतो ना. एवढी वर्षं नव्हतोच मी. त्यात काय?"

ठरलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जायचं होतं म्हणून रौशन तोवर तिथेच राहिला. त्या चार दिवसांत काय झालं ते मी रोज पाहत होतो आणि मला काळजी वाटायला लागली होती. फिरोजला डाव्या हातानं भाकर तुटायची नाही. चाचीनं तोडून दिली की तो चिडायचा, उपाशी उठायचा. रौशननं पहिल्याच दिवशी आपली भाकर तोडली, अर्धे तुकडे फिरोजच्या ताटात सरकवले आणि स्वतःही डाव्या हातानं जेवायला लागला. चाचीनं त्याच्या हातावर चापट मारली, "तेरे कू क्या हुआ है?" पाहुण्याला कोणी अशी चापट मारत नाही. फिरोज हसला. टामीनंतर पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, मेलो.

बाबारावांनी रौशनला विचारलं. रौशननं ठरल्याप्रमाणे सांगितलं, "चूक झाली साहेब. मले तसा भास झाला." चांगलं बोलला, मी शिकवल्यापेक्षा चांगलं. मग बाबाराव फिरोजकडे वळले. नियमानं त्यालाही विचारणं भाग होतं.

"हा तुहा भाऊ आहे का? हाव का नाई, एका शब्दात सांग."

फिरोजनं रौशनकडे पाहिलं.

"नाई म्हण बे," मी कुजबुजलो.

"आहे," फिरोज म्हणाला.

बाबारावांनी पेन खाली ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी त्याला अजून एक दार उघडून दिलं. "कोणत्या अर्थानं भाऊ? आपल्याकडल्या, का जमादाराकडल्या?"

"जमादाराकडल्या," फिरोज म्हणाला.

बाहेर आल्यावर रौशन त्याच्यावर ओरडला, मी ओरडलो. "लेका, तुहा हात गेला. समजते का तुले? आत्ता, या टेबलावर गेला."

"समजते ना," फिरोज म्हणाला. यापुढे त्यानं या विषयावर काही सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

फिरोजला भाऊ आहे ही बातमी ठाण्यात पोचायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. जमादार स्वतः आले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. आपला कागद खोटा पडतो की काय म्हणून बिचारे झुरत होते. रौशनला घेऊन गेले. आम्ही मागोमाग.

"त्या दिवशी कुठं हुता?"

"जंगलात. बांबू तोडून राह्यलो होतो."

"साक्षीदार?"

रौशननं विचार केला. "बांबू," तो म्हणाला.

फिरोज पुढे झाला. "भाऊ, यानं नाई मारलं. मारणारा भाऊ वेगळा होता."

जमादार चमकले. "म्हंजे अजून एक भाऊ हाय?"

मी फिरोजला ओढत बाहेर आणलं. आणखी एखादा फ्लेक्स लावायची माझ्यात ताकद नव्हती.

रौशनला अटक झाली, कोर्टातून जामीन मिळाला. जामीन मी राहिलो. अटी दोन होत्या. पहिली, ठाण्याची हद्द सोडायची नाही, दर सोमवारी हजेरी द्यायची. दुसरी, फिर्यादीला भेटायचं नाही. आता हद्दीत रौशनला ओळखणारं एकच घर होतं, ते फिर्यादीचं. झरीला जाता येत नव्हतं, ते हद्दीबाहेर. मग तो फिरोजच्या घरीच राहिला. सोमवारी हजेरीला फिरोज त्याला गाडीवर मागे बसून घेऊन जायचा, म्हणजे चालवायचा रौशन आणि रस्ता दाखवायचा फिरोज. ठाण्याच्या अलीकडच्या वडाखाली फिरोज उतरायचा, अट मोडू नये म्हणून.

जमादारांनी भरपाईच्या ऑफिसला अहवाल पाठवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता: "फिर्यादी व आरोपी हे भाऊ असून सध्या एकाच घरात राहतात, एकत्र जेवतात. त्यांच्यात समेट झाल्याचे दिसते."

दुकानात रौशन बसायला लागला. त्याला बांबूतलं सगळं येत होतं, मोटरसायकलीतलं काही नाही. फिरोज तोंडानं सांगायचा, रौशन हातानं करायचा, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी गाडी बिघडायची. गिऱ्हाईक पुढच्या फाट्यावर जायला लागलं. खेमसिंग तेवढा येत राहिला. त्याच्या गाडीला काही झालेलं नसायचं. येऊन इंजिनात तेल बघून जायचा.

होळी झाली. होळीनंतर नागपूरच्या डॉक्टरांकडे आम्ही तरीही गेलो. चाचीनं बांगड्या मोडून काही पैसे जमवले होते. डॉक्टरांनी फिरोजची बोटं एक एक करून उघडायचा प्रयत्न केला. बोटं तळहाताला चिकटून बसली होती, अजूनही आत चावी असल्यासारखी. "आता पैसे आणले तरी मी घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. "कशाला फसवू?" इतका प्रामाणिक डॉक्टर भेटायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो. चाचीनं पैशाची पिशवी परत कमरेला खोचली आणि येताना पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत बसली.

उन्हाळ्यात भरपाईच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी, फिरोज आणि रौशन बसनं गेलो. रौशन ऑफिसच्या फाटकाबाहेर थांबला. फिर्यादी आणि आरोपी सोबत आत गेलेले बरे दिसत नाही, असं मीच म्हटलं.

सत्यशीला मॅडमनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग स्वतःही प्यायल्या.

"नामंजूर झालं," त्या म्हणाल्या. "मी वर लिहिलं होतं, का भाषेमुळे गैरसमज झाला आहे. वरून उत्तर आलं, गैरसमज झाल्याचा पुरावा जोडावा."

"जोडता आला असता का?" मी विचारलं.

"अपील करता येते," मॅडम म्हणाल्या. "मी सांगणं नियमानं भाग आहे म्हणून सांगून राह्यली. करा म्हणत नाई."

फिरोज म्हणाला, "मॅडम, तुमच्या इथं बसायले लय चांगलं वाटते." त्याचा काही वाकडा अर्थ नव्हता. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून.

निकाल मिळाल्याची पोच द्यायची होती. टेबलावरच्या कारकून बाबूनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि पेन दिला. फिरोजनं तो उजव्या मुठीच्या फटीत खोचून पाहिला. पेन राहिला, पण फिरत नव्हता. रजिस्टरवर एक सरळ रेघ ओढली गेली आणि खाली उतरली.

"राहू द्या, अंगठा द्या," बाबू म्हणाला.

फिरोजनं उजवी मूठ पुढे केली. अंगठा आत दुमडलेला होता. तो बाहेर काढता येईल का, म्हणून त्यानं डाव्या हातानं ओढून पाहिला.

"तो नाही, डावा द्या," बाबू म्हणाला. "पुरुषाचा डावाच घेतात."

"नेहमी?"

"नेहमी."

"म्हणजे उजवा लागतच नाई कुठं?"

"नाही," बाबू म्हणाला. त्याला वाटलं, फिरोजला दिलासा पाहिजे. "आपल्याकडे काहीच अडणार नाही तुमचं."

फिरोजनं डावा अंगठा दाबला. ठसा छान उमटला, सगळ्या रेषा दिसत होत्या.

फाटकाबाहेर ऊन मरणाचं होतं. रौशन भिंतीच्या सावलीत उभा होता. त्यानं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. बाटली घ्यायची तर फिरोजचा एक हात शाईनं भरलेला आणि दुसरा घेण्यासारखा नाही. शर्टाला लागू नये म्हणून तो डावा हात अंगापासून लांब धरून उभा होता. माझ्याकडे रुमाल नव्हता. बस समोरून येत होती. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, मग डावा अंगठा आपल्या उजव्या मुठीच्या पाठीवर घासला. शाई निघाली नाही, दोन्हीकडे झाली.